जुना खेळ आणि वापरलेली किल्ली

जुनी वस्तू विकत घेण्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. जून महिन्यात वरच्या इयत्तेतील विद्यार्थ्यांची पुस्तके खालच्या इयत्तेतील विद्यार्थी निम्म्या किमतीत घेतात; सायकल, शिलाईयंत्र, लाकडी कपाट अशा वस्तूही एका घरातून दुसऱ्या घरात जातात. विकणाऱ्याला चार पैसे मिळतात आणि घेणाऱ्याचे चार पैसे वाचतात. याच समजुतीने पुष्कळ मुले संगणकावरील खेळांच्या जुन्या तबकड्या विकत घेतात. तबकडीवर ओरखडा नसतो, वेष्टन सुस्थितीत असते, खेळ संगणकावर उतरतोही. मग पडद्यावर किल्लीची मागणी होते. वेष्टनावर छापलेली अक्षरे व अंक काळजीपूर्वक भरावेत, तो उत्तर येते की, ही किल्ली पूर्वीच वापरली गेली आहे. वस्तू हातात असून ती निरुपयोगी का ठरावी, याचा उलगडा आपण येथे करू.

किल्ली म्हणजे अक्षरांची किंवा अंकांची एक विशिष्ट मालिका. तबकडीची नक्कल करणे फार स्वस्त व सोपे असल्यामुळे खेळ तयार करणाऱ्यांनी हा उपाय योजला. १९९८ साली निघालेल्या ‘स्टारक्राफ्ट’ या खेळाची किल्ली तेरा अंकी होती. त्या काळी किल्लीची पहिली तपासणी संगणक स्वतःच गणिताने करी. हे गणित कोणत्या जातीचे असते, ते आपल्याला घरच्या घरी पाहता येईल. एखाद्या नव्या पुस्तकाच्या मलपृष्ठावरील तेरा अंकी आयएसबीएन क्रमांक घ्यावा. विषम स्थानांवरील अंक तसेच ठेवावेत, सम स्थानांवरील अंकांस तीनने गुणावे आणि सर्वांची बेरीज करावी. क्रमांक बरोबर असेल तर ती बेरीज दहाने निःशेष भागली जाते. एक अंक चुकला तरी गणित बिघडते. परंतु अशा गणिताने क्रमांक खरा की खोटा एवढेच कळते. तो यापूर्वी कोणी वापरला आहे काय, हे कळत नाही. म्हणून एकट्याने खेळावयाचे जुने खेळ दुसऱ्याच्या हाती गेले तरी चालत असत.

पुढे इंटरनेटचा प्रसार झाला आणि तपासणीचे काम घरच्या संगणकाकडून कंपनीच्या सर्व्हरकडे गेले. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने २००३ साली ‘स्टीम’ ही सेवा सुरू केली. नोव्हेंबर २००४ मध्ये तिचा ‘हाफ-लाइफ २’ हा खेळ बाजारात आला, तेव्हा दुकानातून तबकडी विकत घेणाऱ्यालाही स्टीमवर खाते उघडून किल्लीची नोंद करावी लागली. सर्व्हर ही जणू एक मोठी खातेवही होय. किल्ली प्रथम भरली जाते त्या क्षणी ती कोणाच्या खात्यावर चढली, याची नोंद होते. तीच किल्ली दुसऱ्याने भरली की वही पाहून नकार मिळतो. काही खेळांत याहून निराळा नियम होता. २००८ सालच्या ‘स्पोर’ या खेळाची किल्ली आरंभी तीनच संगणकांवर चालत असे. ग्राहकांनी ओरड केल्यावर ही मर्यादा पाचावर नेण्यात आली.

यावरून मुख्य गोष्ट ध्यानात येईल. पुस्तकात विकत घेण्याजोगे जे काही आहे ते पुस्तकातच असते. तबकडीचे तसे नाही. तेथे खरी किंमत खात्यावर नोंद करण्याच्या हक्काची असते आणि तो हक्क एकदाच वापरता येतो. उधना-जळगाव मार्गावरील गाडीने कोणी चलथाणहून नंदुरबारला जाऊन आला आणि ते तिकीट त्याने आपल्याला अर्ध्या किमतीत देऊ केले, तर आपण घेऊ काय? तिकिटाचा कागद कोरा करकरीत असला तरी त्यातील प्रवास संपलेला असतो. आमच्या चलथाणच्या साखर कारखान्यात रस निघाल्यावर उरलेली चिपाडे निदान भट्टीत जाळावयास तरी उपयोगी पडतात. वापरलेल्या किल्लीचा तेवढाही उपयोग नाही.

हे न्याय्य आहे काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. खेळ रचणाऱ्यांचे म्हणणे असे की, नक्कल थांबली नाही तर आमच्या श्रमाचे मोल आम्हांस मिळणार नाही. ग्राहकाचे म्हणणे असे की, पूर्ण किंमत मोजून घेतलेली वस्तू विकण्याचा माझा हक्क हिरावला गेला. या वादात न्यायालयांचेही एकमत झालेले नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१० साली ‘हाफ-लाइफ २’च्याच प्रकरणात कंपनीच्या बाजूने निकाल दिला. २०१२ साली युरोपीय न्यायालयाने संगणकीय सॉफ्टवेअरचा कायमचा परवाना पुन्हा विकता येतो, असे ठरविले. पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये खेळांनाही तेच तत्त्व लावले. पण २०२२ मध्ये अपिलात तो निकाल फिरला. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, पूर्वी विकली गेलेली प्रत पुन्हा विकण्यावरही मालकाचा अधिकार सांगणारे शब्द होते. १९९९ च्या दुरुस्तीने ते गाळण्यात आले. तथापि, तबकडी विकण्याची मोकळीक असणे निराळे आणि कंपनीने नव्या मालकास नवी किल्ली देणे निराळे. तशी सक्ती त्या कायद्यात नाही.

तेव्हा सावधपणा हाच उपाय उरतो. जुना खेळ घेण्यापूर्वी त्यास ऑनलाइन नोंदणी लागते काय, हे वेष्टनावर वाचावे. लागत असेल आणि वेष्टन फोडलेले असेल, तर किल्ली वापरली गेली आहे असेच समजावे. प्लेस्टेशनसारख्या यंत्रांच्या तबकड्यांना बहुधा अशी किल्ली लागत नाही. त्यांची देवघेव अजून होऊ शकते. किल्लीऐवजी कोणी आपले संपूर्ण खातेच विकू लागला, तर तो सौदा टाळावा. स्टीमच्या नियमांस तो मान्य नाही, आणि मूळ मालक आपल्या ई-मेलच्या आधारे ते खाते परत मिळवू शकतो. फुकट किल्ल्या बनवून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या वाटेस तर मुळीच जाऊ नये. त्यांतून संगणकात व्हायरस शिरतात. पुष्कळदा जुने खेळ अधिकृत विक्रीतच सवलतीने अल्प किमतीत मिळतात, याचीही आधी चौकशी करावी. दुकानदाराने वापरलेली किल्ली नवी म्हणून दिली असेल, तर पावती जपून ठेवावी आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आणि विकणारे आपण असू, तेव्हाही एक कर्तव्य आहे. किल्ली वापरलेली आहे, हे घेणाऱ्यास आधी स्पष्ट सांगावे. खालच्या इयत्तेतील मुलगा खाऊचे पैसे महिनोन्‌महिने साठवून तबकडी घ्यावयास येतो. सर्व्हरच्या वहीत काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नसते, पण आपल्याला ठाऊक असते.