न्यूट्रिनोचे वजन आणि विश्वाची कथा

पुरुषसूक्ताच्या विश्वकथेत शूद्र पायांतून जन्मतो. अस्पृश्याला तर जागाच नाही. ही कथा तपासण्याची मुभा नव्हती. विज्ञानाची कथा तपासता येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे रामनाथ कौसिक यांनी मॅक्लेलंड यांच्यासह १९७२ मध्ये मांडलेला युक्तिवाद पाहा. महास्फोटातून उरलेले न्यूट्रिनो दर घनसेंटीमीटरला सुमारे ३०० असावेत. ते जड असते, तर त्यांच्या एकत्रित गुरुत्वाकर्षणाने विश्वाचे प्रसरण केव्हाच मंदावले असते. तसे दिसत नाही; म्हणून न्यूट्रिनो अत्यंत हलका असला पाहिजे. पुढे १९९८ मध्ये जपानमधील सुपर-कामिओकांडे प्रयोगाने त्याला थोडे तरी वस्तुमान असल्याचे दाखवले. बदनापूरच्या विद्यार्थ्याने हा युक्तिवाद वहीत मांडून पाहावा. संस्थेच्या दारात जात विचारली जाईलही. गणिताच्या पायरीवर मात्र पुरावाच द्यावा लागतो.