वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया : आधी काय पाहावे?



"पोट लहान करून घेतलं की शुगर उतरते म्हणे, खरं का?" अशी विचारणा काही सभासद आमच्याकडे करतात. नागपूरचे श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, हे पुष्कळांना ठाऊक आहे.

किलोतील वजनास मीटरमधील उंचीने दोनदा भागावे. आकडा ३५ च्या पुढे, किंवा ३० च्या पुढे व सोबत मधुमेह असल्यास डॉक्टर साधारणपणे तिचा विचार करतात. १६५ सेंटिमीटर उंचीस ३५ म्हणजे सुमारे ९५ किलो.

तयारी घरीच सुरू होते. खर्रा, विडी कित्येक आठवडे आधी बंद. नाहीतर जखम नीट भरत नाही. शेवटचे दोनेक आठवडे बेताचा, प्रथिनयुक्त आहार देतात, म्हणजे यकृत आकसून सर्जनला जागा मिळते. या काळात मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी-जास्त करू नका.

आणि नंतर? घास लहान, जीवनसत्त्वांच्या गोळ्या व रक्ततपासणी जन्मभर. रसवंतीवरचा ग्लास एका दमात रिचवला तर घाम, मळमळ, धडधड होऊ शकते. (साखर कारखान्याच्या पत्रकात हे लिहावे लागते खरे!) पहिल्या वर्षी तपासणीला वारंवार जावे लागते. तेव्हा ऐन तोडणीच्या धांदलीत तारीख घेऊ नये, आणि गाडीभाडेही खर्चात आधीच धरावे.