कराचीतले तेरा दिवस

२०१२ साली अम्मीला घेऊन मी कराचीला गेले. तिची धाकटी बहीण, आमची खाला, लग्न होऊन तिकडे गेलेली. तीस वर्षांत दोघींची भेट नव्हती. अहमदपूरहून जोधपूर, तेथून थार एक्सप्रेसने मुनाबाव, पुढे सीमेपलीकडची गाडी. पोहोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद केली.

बहादुराबादला चारमिनारची प्रतिकृती पाहिली. जुन्या हैदराबाद संस्थानातली आम्ही माणसे, पाहून गलबलून आले. मी शिक्षिका, मला मात्र नारायण जगन्नाथ हायस्कूल अधिक भावले. १८५५ मध्ये सुरू झालेली ही सिंधमधील पहिली सरकारी शाळा. नाव नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे, आणि ते आजही कायम आहे.

अम्मीने ज्वारीचे पीठ सोबत नेले होते. खाला रोज भाकरी मागायची आणि चुलीपाशी लहानपणासारखी बसायची.

मामूंची कबर सिंधमधील हैदराबादला, सुमारे दीडशे किलोमीटरवर. पण आमचा व्हिसा फक्त कराचीचा. अम्मीने खालाच्या अंगणातच हात उचलून फातिहा पढली. परत येईपर्यंत त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

ऑगस्ट २०१९ पासून ती गाडी बंद आहे. आता दोघी बहिणी फोनवरच भेटतात. सिलारहमी आपल्यावर लाजिम आहे. ज्यांचे नातेवाईक एका एस.टी.च्या अंतरावर आहेत, त्यांनी तरी भेट पुढच्या सुट्टीवर ढकलू नये.