फोल्डरवर पहारा: फाईल बदलली हे सर्व्हरला कसं कळतं?

आज सर्व्हरबद्दल बोलायचंय, पण सुरुवात पगारापासून करतो.

इथे अमिरातीत २००९ पासून खासगी कंपन्यांचे पगार वेज प्रोटेक्शन सिस्टीममधून होतात. आपण सगळे तिला डब्ल्यूपीएस म्हणतो. त्यासाठी कंपनी एक फाईल तयार करते, तिला सिफ म्हणतात. प्रत्येक कर्मचाऱ्याची एक ओळ: त्याचा क्रमांक, बँकेचा आयबॅन, रक्कम. शेवटच्या ओळीत गोषवारा: माणसं किती, एकूण पैसे किती. ही फाईल बँकेकडे किंवा एक्स्चेंज हाऊसकडे गेली की पगार जमा होतो. शेकडो घरांचा महिना अशा एका साध्या फाईलवर अवलंबून असतो.

२०१६ साली दुबईतल्या एका छोट्या मेंटेनन्स कंपनीचं काम माझ्याकडे होतं. साधारण १८० माणसं. पगाराचं सॉफ्टवेअर सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये सिफ फाईल टाकायचं, आणि मी लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम त्या फोल्डरवर नजर ठेवायचा. नवी फाईल दिसली रे दिसली की ती उचलून बँकेकडे पाठवायची, एवढंच त्याचं काम. सात महिने सगळं सुरळीत चाललं. आठव्या महिन्यात, एका गुरुवारी दुपारी, फाईल गेली आणि बँकेनं ती परत केली. परत केल्याची ईमेल ज्या पत्त्यावर आली तो कुणी उघडतच नव्हतं. तेव्हा इथे शुक्रवार-शनिवारची सुट्टी असायची. रविवारी सकाळी मूळचा कोपरगावचा एक फोरमन ऑफिसात आला आणि म्हणाला, "साहेब, मुलीच्या फीची शेवटची तारीख काल होती. पगार आला नाही."

चूक बँकेची नव्हती. माझी होती. ती समजण्यासाठी आधी हा पहारा चालतो कसा ते पाहू.

फोल्डरवर नजर ठेवण्याच्या दोन पद्धती. पहिली, रात्रीच्या गुरख्यासारखी. दर पाच मिनिटांनी फेरी मारायची, फाईलींची यादी बघायची, मागच्या यादीशी ताडून पाहायची. सोपी पद्धत आहे, पण दोन फेऱ्यांच्या मध्ये कुणी येऊन गेलं तर पत्ता लागत नाही. आणि फाईली लाखभर असल्या की फेरीतच सर्व्हर दमतो.

दुसरी पद्धत दाराला घंटा बांधण्याची. कुठलाही प्रोग्रॅम फाईल उघडतो, लिहितो, पुसतो, तेव्हा त्याला ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, जावंच लागतं. मग कर्नललाच सांगून ठेवायचं: या फोल्डरमध्ये काही झालं तर मला कळव. लिनक्समध्ये ही सोय आयनोटिफाय नावानं ऑगस्ट २००५ मध्ये, कर्नलच्या २.६.१३ या आवृत्तीत आली. विंडोजवर डॉटनेटमध्ये फाईल सिस्टीम वॉचर आहे, मॅकवर एफएसइव्हेंट्स आहे. तुम्ही इथे लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये फोटो टाकता आणि थोड्याच वेळात ते साताऱ्याला आईच्या संगणकावर दिसतात, त्यामागेही अशीच घंटा वाजलेली असते.

आता माझी चूक. ही घंटा एकच नसते, तिचे वेगवेगळे सूर असतात. फाईल तयार झाली, हा एक. फाईलमध्ये लिहिलं गेलं, हा दुसरा. लिहिणाऱ्यानं फाईल बंद केली, हा तिसरा. नाव बदललं, पुसली, हे आणखी वेगळे. माझा प्रोग्रॅम पहिल्या सुरावर धावत होता. फाईल जन्माला आली की उचलायची! एरवी फाईल इतक्या झटकन लिहून व्हायची की फरक पडत नव्हता. त्या गुरुवारी सर्व्हर मंद होता, सॉफ्टवेअर फाईल हप्त्याहप्त्यानं लिहीत होतं, आणि मी अर्धी फाईल पाठवून मोकळा झालो. शेवटची, गोषवाऱ्याची ओळ तिच्यात नव्हतीच. ती नव्हती म्हणून फाईल परत आली, हेही नशीबच. नाहीतर अर्ध्या लोकांना पगार आणि अर्ध्यांना नाही, असं झालं असतं.

दुरुस्ती दोन ओळींची होती. तिसऱ्या सुराची, म्हणजे लिहून बंद झाल्याची, वाट पाहायची. त्याहून पक्का उपाय लिहिणाऱ्याच्या बाजूला असतो: फाईल आधी तात्पुरत्या नावानं लिहायची आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरं नाव द्यायचं. एकाच डिस्कच्या एकाच विभागात नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे खऱ्या नावाची अर्धवट फाईल कुणाच्या हाती लागत नाही.

हे काम करणाऱ्या श्रोत्यांसाठी आणखी काही खाचखळगे. आयनोटिफाय फक्त सांगितलेल्या फोल्डरवर लक्ष ठेवतो, पोटातल्या फोल्डरवर नाही. प्रत्येकाला वेगळी घंटा बांधावी लागते, आणि नवा उपफोल्डर तयार झाला तर तुम्ही घंटा बांधेपर्यंत त्यात फाईल येऊनही गेलेली असू शकते. म्हणून बांधल्यावर एकदा आत डोकावून पाहायचं. घंटांच्या संख्येलाही मर्यादा आहे. जुन्या कर्नलमध्ये ती सहसा ८१९२ असायची, नव्यात सर्व्हरच्या मेमरीनुसार ठरते. एकदम खूप बदल झाले तर निरोपांची रांग भरते आणि पुढचे निरोप गळतात. कर्नल 'रांग भरली' एवढंच कळवतो. तेव्हा गुपचूप जुन्या पद्धतीची पूर्ण फेरी मारायची. आणि फोल्डर जर नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवर असेल, तर तिथे दुसऱ्या कुणी केलेला बदल लिनक्सच्या या घंटेला ऐकूच येत नाही. पहारेकरी डिस्क जिथे आहे तिथेच बसवायचा.

इथपर्यंत आपण फाईल वेळेवर आणि पूर्ण जाण्याबद्दल बोललो. पण समजा, ती पूर्ण गेली आणि मधल्या वेळात कुणी एक आयबॅन बदलला असेल तर? गोषवारा जुळतो, बँक फाईल घेते, पैसे भलतीकडे जातात. म्हणून पहाऱ्याचं दुसरं काम सुरक्षेचं.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. १९०६ साली सुरू झालेली ही सहकारी बँक, आपल्यापैकी कितीतरी घरांची खाती तिथे आहेत. ११ ऑगस्ट २०१८ ला, शनिवारी, बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली गेली. एकूण ९४ कोटी रुपयांहून जास्त. पैसे द्यायचे की नाही हे विचारणाऱ्या एटीएमला खऱ्या यंत्रणेऐवजी हल्लेखोरांची बनावट यंत्रणाच 'द्या' म्हणत होती. एका पहाऱ्यानं हे टळलं असतं, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पण अशा सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम महिनोन् महिने यायचं कारण नसतं. तिथे एखादी नवी फाईल आली, तर ती घंटा मध्यरात्रीही कुणीतरी ऐकायला हवी. कार्ड उद्योगाच्या पीसीआय डीएसएस नियमांनुसार महत्त्वाच्या फाईलींची पडताळणी आठवड्यातून किमान एकदा व्हावी लागते. एटीएममधून पैसे निघायला मात्र काही तास पुरले. आठवड्याची फेरी आणि त्याच क्षणी वाजणारी घंटा यांतला फरक इथे दिसतो.

या घंटेची एक मर्यादाही आपल्या अमिरातीतल्याच एका प्रकरणातून कळते. २२ डिसेंबर २०१२ ला रास अल खैमाच्या रॅकबँकेच्या प्रीपेड कार्डांवर जगभरातून सुमारे ५० लाख डॉलर काढले गेले. मे २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात मांडलेल्या आरोपपत्रानुसार, हल्लेखोर कार्डांची प्रक्रिया करणाऱ्या भारतातल्या कंपनीच्या यंत्रणेत शिरले आणि त्यांनी कार्डांवरची शिल्लक आणि पैसे काढण्याची मर्यादा वाढवली. असा बदल डेटाबेसच्या आत होतो. डेटाबेसच्या फाईली तर दर सेकंदाला बदलतच असतात, त्यांना घंटा बांधली तर ती थांबणारच नाही. तिथे डेटाबेसचा स्वतःचा ऑडिट लॉग हवा.

सुरक्षेसाठी जुनी फेरीची पद्धतही सोडायची नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ट्रिपवायर नावाचं साधन तयार झालं. ते प्रत्येक महत्त्वाच्या फाईलचा गणिती ठसा काढून ठेवतं. फाईलमध्ये एक अक्षर बदललं तरी ठसा वेगळा येतो. घंटा सांगते 'काहीतरी झालं', ठसा सांगतो 'ही तीच फाईल नाही'. फक्त मूळ ठशांची वही त्याच सर्व्हरवर ठेवायची नाही. घरात शिरलेला चोर वहीही बदलेल.

त्या कंपनीत मी नंतर हे सगळं बसवलं. चार महिन्यांनी रात्री अकराला माझा फोन वाजला: सिफ फोल्डरमध्ये तयार फाईल बदलली. पोटात गोळा आला. कुणी बदलली, हे आयनोटिफाय सांगत नाही. त्यासाठी लिनक्सची वेगळी ऑडिट यंत्रणा असते, ती आम्ही चालू ठेवली होती. तिच्यात नाव निघालं आमच्या अकाउंटंट काकांचं. मूळचे सांगलीचे, वीस वर्षं दुबईत. मी फोन केला.

"काका, जागे आहात का? फाईल तुम्ही उघडली होती?"

"हो रे बाबा. एका पोराचा आयबॅन चुकला होता, म्हटलं सकाळी धावपळ नको, आत्ताच नीट करून टाकू."

हेतू चांगलाच होता. पण तोच बदल काकांचा पासवर्ड वापरून दुसऱ्या कुणी केला असता, तरी सर्व्हरला तो असाच दिसला असता. दुसऱ्या दिवशी काकांनीच नियम सुचवला: तयार फाईल हातानं बदलायची नाही. चूक असेल तर सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करून नवी फाईल काढायची, आणि पाठवण्याआधी दुसऱ्या माणसानं बघायची. तेव्हापासून रात्रीची घंटा क्वचित वाजते, आणि म्हणूनच वाजली की सगळे उठतात.

तुमच्या ऑफिसात असा पहारा असेल, तर उद्या जाऊन दोन गोष्टी विचारा. तो फाईल सुरू झाल्यावर धावतो की पूर्ण झाल्यावर? आणि घंटा वाजली तर ती नेमकी कोणाच्या फोनवर वाजते? दुसऱ्या प्रश्नाला "एक ईमेल जाते" असं उत्तर आलं, तर तो ईमेलचा पत्ता कोण उघडतं, हेही विचारा. आमच्याकडे तो कुणीच उघडत नव्हतं, आणि त्या फोरमननं मुलीची फी दंडासकट भरली.