अल्प भांडवल आणि ऑनलाइन पोकर : कौशल्याचे अंकगणित

प्रस्तावना :

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात, द्यूतात राज्य हरलेला नल ऋतुपर्ण राजाकडून अक्षहृदय ही विद्या शिकतो. ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडावरील पानाफळांची संख्या सांगतो आणि मोजल्यावर ती खरी ठरते. द्यूत शिकता येते व ते गणनेतून शिकावे लागते, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. बदलापूरजवळील सोनिवलीसारख्या भागातून लोकलने मुंबईस जाणाऱ्या नोकरदारांत, मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून पत्ते खेळणारे गट जुनेच आहेत. मोबाइलने त्या पत्त्यांना अनोळखी प्रतिस्पर्धी आणि पैसा जोडला. थोड्या पैशांत पोकर शिकून नियमित नफा मिळविता येतो, या समजुतीचे परीक्षण प्रस्तुत लेखात केले आहे.

कौशल्य आणि त्याचे मोल :

पोकरमध्ये कौशल्य निश्चितच आहे. समजा, टेबलावर ३० रुपये जमले आहेत, डावात टिकण्यासाठी १० रुपये घालावयाचे आहेत आणि एकाच रंगाची पाच पाने होण्यास एक पान कमी आहे. शेवटचे एकच पान उघडावयाचे आहे. न दिसलेल्या ४६ पानांपैकी ९ पाने उपयोगाची, म्हणजे शक्यता १९.६ टक्के, पण १० रुपये घालणे परवडण्यासाठी ती २५ टक्के हवी. पुढे आणखी पैसे मिळण्याची आशा नसेल तर जाणकार पाने टाकतो, नवखा मोहात पडतो. जाणकाराची मिळकत या फरकातूनच येते.

ही मिळकत केवढी? एक-दोन रुपयांच्या टेबलावर बिग ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्यापूर्वीची मोठी सक्तीची रक्कम, दोन रुपये असते. उत्तम खेळाडू सर्व वजावटीनंतर शंभर डावांत पाच ब्लाइंड, म्हणजे १० रुपये मिळवितो असे धरू. तासाला ७५ डाव धरल्यास मिळकत साडेसात रुपये होते! चहाचाही खर्च जेमतेम निघावा. उलट, चाळीस रुपयांच्या डावावर पाच टक्के रेक (संचालकाची कपात) म्हणजे २ रुपये. असे दहा डाव जिंकल्यास २० रुपये संचालकाकडे जातात, जिंकणाऱ्याच्या निव्वळ नफ्याच्या दुप्पट.

याहून कठीण प्रश्न चढउतारांचा आहे. शंभर डावांमागे प्रमाण विचलन ९० ब्लाइंड धरल्यास, दहा हजार डावांनंतरही असे शंभर उत्तम खेळाडू घेतले तर सुमारे २९ जण तोट्यात असतील. एक लाख डावांनंतर हे प्रमाण सुमारे चार टक्क्यांवर येते. पण दररोज दोन तास खेळून तेवढे डाव होण्यास जवळजवळ दोन वर्षे लागतात व अपेक्षित नफा दहा हजार रुपयेच! तोवर भांडवल टिकले पाहिजे. हजार रुपये घेऊन बसलेल्या या कुशल खेळाडूचे सर्व पैसे कधीतरी बुडण्याची शक्यता सुमारे ५४ टक्के येते. चार हजार असतील तर आठ टक्क्यांच्या आसपास. नलाने एकाच डावात राज्य परत जिंकले. अल्प भांडवलाच्या खेळाडूचे दिवाळे मात्र त्याचे कौशल्य सिद्ध होण्याआधीच निघू शकते.

कर आणि कायदा :

एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांतील निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून जमा रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. करासह हजार रुपये भरल्यास हिशोबाने खेळावयास ७८१ रुपयेच उरत. काही कंपन्या ही तूट सवलतीने भरून काढीत, ही गोष्ट वेगळी.

महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ केवळ कौशल्याच्या खेळांस लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला कौशल्यप्रधान मानले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला तसे मानले नाही. ऑनलाइन खेळापुरता हा वाद संसदेने बाजूस सारला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या अधिनियमाने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, प्रतिबंधित केले. असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. केवळ खेळणाऱ्यास शिक्षा नाही. मात्र परदेशी संकेतस्थळाने जिंकलेली रक्कम अडवून धरल्यास सोनिवलीतील खेळाडूने ती कोणाकडे मागावी, याचे व्यवहार्य उत्तर त्याच्याजवळ नसते.