बार्शी लाइट रेल्वे : पांच टनांचा हिशेब



धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यांत ईट नांवाचें गांव आहे. त्या गांवाला आगगाडीचा रूळ कधीं शिवला नाहीं. बालाघाटाच्या पठारावर अशीं गांवें पुष्कळ आहेत. तेथील धान्य आणि कापूस बैलगाडीनें पेठेपर्यंत न्यावा लागे, आणि त्या भागांतील मोठी पेठ म्हणजे बार्शी. परंतु एके काळीं खुद्द बार्शीलाही रेल्वे नव्हती. १८६० सालीं जी. आय. पी. रेल्वे सोलापुरास पोंचली, ती बार्शीला सुमारें एकवीस मैलांवर सोडून. जवळच्या स्टेशनाला नांव तेवढें 'बार्शी रोड' असें मिळालें. आजचें कुर्डुवाडी तें हेंच.

हें अंतर रुळानें जोडावें, असें एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज एंजिनियराच्या मनानें घेतलें. तो १८८२ सालीं हिंदुस्थानांत येऊन जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरींत राहिला होता. अडचण होती ती खर्चाची. साडेपांच फूट रुंदीचा भारी रस्ता घालावा, तर एवढ्या रहदारीवर त्याचें व्याजही निघणें कठीण. त्यानें अडीच फूट रुंदीचा मार्ग पसंत केला. पण या योजनेचें खरें मर्म रुंदींत नव्हतें, वजनाच्या वांटणींत होतें.

धान्याचें एक मोठें पोतें फळीच्या मध्यावर ठेवलें तर फळी वांकते. तेंच धान्य चार लहान पोत्यांत भरून फळीभर मांडलें तर ती तोलून धरते. रुळाचेंही तसेंच आहे. सबंध गाडीचें वजन किती, यापेक्षां एकेका आसावर किती भार येतो, हें त्याच्या दृष्टीनें महत्त्वाचें. कॅलथ्रॉपनें नियम घातला कीं, एंजिन असो, उतारूंचा डबा असो वा मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर पांच टनांहून अधिक भार पडतां कामा नये. त्यामुळें वाराला अवघे तीस पौंड वजनाचा हलका रूळ पुरेसा झाला. वाघिणीला चार आस दिले, म्हणजे मालासकट वीस टनांपर्यंत वजन तिला पेलूं लागलें. लीड्स येथील किट्सन कारखान्यानें बांधलेल्या एंजिनांना सहा आस होते, आणि त्यांपैकीं ओढणारे चार एकमेकांस जोडलेले होते. रूळ बारीक, पण ओझें बेताचें नव्हे, असा हा हिशेब होता.

१८९५ सालीं लंडनमध्यें कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षीं १ ऑगस्टला भारतमंत्र्यांशीं करार झाला, आणि १८९७ च्या मार्चमध्यें बार्शीपर्यंत गाडी धांवूं लागली. १९०६ सालीं एक फांटा पंढरपुरास गेला, आणि आषाढी-कार्तिकीची गर्दी या चिमुकल्या गाडीच्या वांट्याला आली. दुसऱ्या दिशेनें रूळ निजामाच्या मुलखांत शिरले आणि येडशी, तडवळें, ढोकी या वाटेनें १९११ सालीं लातुरास पोंचले. उस्मानाबाद, म्हणजे आजचें धाराशिव, मात्र बाजूलाच राहिलें. १९२७ सालीं मिरजेपर्यंतचा मार्ग झाला, आणि एकंदर लांबी सुमारें दोनशें दोन मैल भरली.

या काटकसरीला एक किंमत होतीच. लातूरचा माल मुंबईकडे निघाला कीं कुर्डुवाडीस वाघीण रिकामी करून तो मोठ्या गाडींत चढवावा लागे. मिरजेस मीटरगेज, तेथेंही तोच प्रकार. रूळ घालतांना वांचलेल्या पैशाचा कांहीं भाग असा हमालींत, खोळंब्यांत आणि नासधुशींत परत द्यावा लागे, आणि तो देणारा कंपनीचा भागीदार नसून बहुधा माल धाडणारा असे.

पुढें मालकी बदलली, तेव्हां असाच प्रश्न नोकरांपुढें आला. १ जानेवारी १९५४ पासून सरकारनें ही रेल्वे ताब्यांत घेतली. कंपनीनें नोकरांना नोटिसा दिल्या. त्यांपैकीं बहुतेकांना सरकारनें पुन्हां कामावर घेतलें. परंतु कंपनीकडील नोकरी तुटल्याची भरपाई मिळावी कीं नाहीं, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २७ नोव्हेंबर १९५६ रोजीं कोर्टानें ठरविलें कीं, धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हातीं गेला, तर त्याला कायद्याच्या अर्थानें नोकरकपात म्हणतां येत नाहीं. निकाल नोकरांच्या विरुद्ध गेला खरा; पण त्यामुळें कायद्यांतील उणीव उघड झाली. १९५७ सालीं संसदेनें औद्योगिक कलहाचा कायदा दुरुस्त करून अशा प्रसंगींही कांहीं अटींवर भरपाईची तरतूद केली. या छोट्या रेल्वेच्या नोकरांनीं मांडलेलें गाऱ्हाणें असें देशभरच्या कामगारांच्या उपयोगीं पडलें.

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं हा सर्व मार्ग टप्प्याटप्प्यानें ब्रॉडगेज झाला. त्या वेळीं मार्ग वळवून धाराशिवालाही रेल्वे मिळाली, आणि कुर्डुवाडीची चढउतार थांबली. परंतु सुमारें शंभर वर्षें बार्शी व लातूर या पेठा जगाशीं जोडलेल्या राहिल्या, त्या पांच टनांच्या त्या हिशेबामुळें. मोठा रस्ता परवडेपर्यंत थांबायचें ठरलें असतें, तर त्यांनाही ईटप्रमाणें बैलगाडीवरच भिस्त ठेवावी लागली असती. मात्र स्वस्त सोय जेव्हां केव्हां करावी, तेव्हां वांचलेला पैसा कोणाच्या खिशांत राहतो आणि राहिलेली तोशीस कोणाच्या खांद्यावर पडते, हें दोन्ही एकाच वहींत मांडून पाहावें. या रेल्वेचा इतिहास आपणांस एवढें तरी शिकवितो.