ब्रासमागे साठ रुपये

खाणी म्हटलं की चंद्रपूरचा कोळसा आठवतो, गडचिरोलीचं सुरजागड आठवतं, फार तर गोव्याचं लोहखनिज. धाराशिवचं नाव कुणी घेत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा काळा पाषाण, त्यावरचा मुरूम आणि मांजरा-सीनेची वाळू एवढीच इथली खनिज संपत्ती. 1957 च्या खाण कायद्यानं हा सगळा माल गौण खनिजात टाकला आणि त्याचे नियम करायचं काम राज्यांवर सोपवलं. कोळशाच्या खाणीला रेल्वेचं सायडिंग मिळतं, स्वतंत्र वीजवाहिनी मिळते, कामगारांची वसाहत उभी राहते. खडीच्या खदानीच्या वाट्याला येते गावची पाणंद.

दगडाशी या जिल्ह्याचं नातं मात्र जुनं आहे. नळदुर्गला बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला पाणीमहाल चार शतकांनंतरही पुराचं पाणी अंगावर घेतो. त्याच दगडानं 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात घात केला. किल्लारी-सास्तूर पट्ट्यातल्या दगडमातीच्या जाडजूड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, हजारो माणसं गेली. त्यानंतर दगडी घरावरचा लोकांचा भरवसा उडाला, सिमेंटची घरं आली. पण काँक्रीटमध्येही निम्म्याहून जास्त भाग खडी-वाळूचाच असतो. पुढच्या दारानं घालवलेला दगड असा मागच्या दारानं घरात आला. त्यात सोलापूर-येडशी महामार्ग चौपदरी झाला, उमरग्याकडून हैदराबादला जाणारा रस्ता रुंदावला आणि क्रशरची घरघर वाढली.

आता या खडीचा प्रवास पाहू. खदानीत सुरुंग उडतो, पोकलेन डबर भरते, जबडा क्रशर ते फोडतो, चाळण्यांवरून माप वेगळं होतं आणि हायवा डंपर भरून निघतो. महामार्गावर पोचेपर्यंतचे दोन-चार किलोमीटर हीच खरी अडचण. गावाला जोडणारा रस्ता बहुधा पावणेचार मीटर रुंदीचा, पातळ डांबराचा. तो एसटी, ट्रॅक्टर आणि हंगामातल्या उसाच्या गाड्यांचा हिशेब धरून केलेला.

अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 या काळात रस्त्यांची मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ठोकताळा अभियंते अजून वापरतात: ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सोळापट होते. आपल्याकडे 2018 मध्ये केंद्रानं चार चाकांच्या एका ॲक्सलवरची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. भार वाढला तेरा टक्क्यांच्या आत-बाहेर, झीज मात्र साठ टक्क्यांहून जास्त. हा झाला कायदेशीर भार. फाळकं ओलांडून शीग लावलेल्या गाड्या वेगळ्याच.

या झिजेची भरपाई कोण देतं? एका ब्रासला, म्हणजे शंभर घनफुटाला, 600 रुपये स्वामित्वधन. त्याच्या दहा टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जाते, म्हणजे 60 रुपये. पाच ब्रासचा हायवा गेला की 300. त्यातले 70 टक्के पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या कामांना द्यावेत, असं केंद्राचं 2024 चं धोरण सांगतं, आणि त्यावर आक्षेप घेण्याचं कारण नाही. उरले 90 रुपये. त्यातच रस्ता, त्यातच सिंचन, त्यातच वीज. एका खेपेनं रस्त्याचं जे वाटोळं होतं ते यात भरून निघणार नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. कोणत्या गटातून, कोणत्या गाडीनं, किती ब्रास, किती वाजता माल निघाला, हे महसूल खात्याच्या ई-पासवर नोंदलेलं असतं. इतकी बारीक नोंद राज्यातल्या फार थोड्या वाहतुकीची होत असेल. पण गावचा रस्ता असतो जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. एकाकडे वाहतुकीचा आकडा, दुसऱ्याकडे खड्डे. दोन्ही कार्यालयं एकाच शहरात. खदानीचा परवाना देतानाच त्या रस्त्याची जाडी किती असावी हे या नोंदींवरून ठरवता येईल. नवा कायदा लागणार नाही, एक बैठक लागेल.

पाण्याचं दुखणं याहून अवघड. धूळ बसवायची तर हॉपरवर, जबड्यावर, पट्टा जिथं माल टाकतो तिथं फवारे हवेत. फवाऱ्याच्या नळ्या बसवलेल्या असतातही. मे महिन्यात गाव टँकरवर असताना त्यात पाणी आणायचं कुठून? जुन्या खदानीत साठलेलं पावसाचं पाणी हा एक मार्ग आहे, पण त्याला कुंपण आणि पायऱ्या नसतील तर तोच खड्डा पोरांच्या जिवावर उठतो.

राज्यानं 2025 मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण आणलं. नदीवरचा ताण कमी करायला ते हवंच होतं. त्यात सुरुवातीला प्रत्येक जिल्ह्यात 50 केंद्रं ठरली आणि त्यांना स्वामित्वधन 600 ऐवजी 200 रुपये. दहा टक्क्यांचाच हिशेब धरला तर ब्रासमागचे 60 रुपये 20 वर येतात; हायवाचं वजन तेवढंच राहतं. शिवाय या वाळूतली भुकटी काढायला बरीच केंद्रं ती पाण्यानं धुतात. हवेच्या झोतानं भुकटी वेगळी करणारी कोरडी यंत्रं महाग पडतात, पण सवलत द्यायचीच तर धाराशिवात ती आधी त्यांना द्यावी.

सुरुंगाचा मामला नाजूक आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयानं राहत्या घराजवळच्या हादऱ्याला मर्यादा घातली आहे. कमी कंपनसंख्येला ती सेकंदाला 5 मिलिमीटर. पण लोहारा-उमरग्याकडे ज्यानं 1993 पाहिलंय त्याला हा आकडा दाखवून काय उपयोग? ठरलेली वेळ, आधी भोंगा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेलं हादऱ्याचं मोजमाप, एवढं केलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा 84 किलोमीटरचा रेल्वेमार्ग आणि जिल्ह्यातून आखलेला शक्तिपीठ महामार्ग यांना खडी-मुरूम डोंगरानं लागणार आहे. बुलढाण्यात महामार्गाचा मुरूम तलाव आणि नाले खोल करून घेतला गेला. रस्ताही झाला, पाणीही साठलं. कुठं खणायचं हे तिथं आधी ठरवलं होतं. परंडा, भूम, तुळजापूरच्या गाळानं भरलेल्या तलावांची यादी ठेकेदाराच्या हाती निविदेसोबतच पडायला हवी, आणि माल ज्या पाणंदीवरून निघेल तिचं खडीकरण निविदेतलं पहिलं काम म्हणून लिहिलेलं असायला हवं.